पेनांग सोडताना चालत्या बोटीवरून उतरून गेलेला माणूस कोण?

वेंगुर्लेकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण तो का पडला हे सांगितल्याशिवाय विचारता येत नाही, म्हणून लांबण लागेल.

माझे लेक-जावई सिंगापूरला असतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला चार रात्रींच्या क्रूझवर नेलं. सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर. एकतीस वर्षं पोस्टात नोकरी केली, समुद्र रोज खिडकीतून बघितला, पण समुद्रातून परक्या देशाला जायची ही पहिलीच वेळ. बोट लागली नाही, देवाची कृपा. बोटीवरच्या लिफ्टा, जेवणं, नाचगाणी यांचं वर्णन करत नाही, ते सगळीकडे बघायला मिळतं. मला पेनांगबद्दल लिहायचंय, आणि त्यातही ते बंदर सोडतानाच्या तासाभराबद्दल. फुकेतचं पुन्हा कधीतरी.

दुपारी एकला आम्ही स्वेटनहॅम धक्क्याला लागलो. धक्क्यातून बाहेर पडलं की जॉर्जटाऊन गाव सुरूच होतं, समोर कॉर्नवॉलिसचा किल्ला आणि पांढरा घड्याळाचा मनोरा. हातात पाच तास होते. जावयांना रंगवलेल्या भिंती बघायच्या होत्या, मला पाण्यातली घरं. आधी पाण्यातल्या घरांकडे गेलो. लाकडी खांबांवर समुद्रातच उभी केलेली चिनी लोकांची वस्ती आहे ती. मधून फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना घरं, दारात उदबत्त्या. एकेका धक्क्यावर एकाच आडनावाची माणसं. च्यू लोकांचा धक्का वेगळा, लिम लोकांचा वेगळा, तान आणि ली लोकांचे आणखी वेगळे. आमच्याकडे जशा आडनावांच्या वाड्या, तसंच. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. फळ्यांच्या फटीतून खाली काळा चिखल आणि चिखलात कलंडलेली होडी दिसली, आणि जो वास आला तो आमच्या मांडवी खाडीचा वास. मी तिथंच उभी राहिले. लेक म्हणाली, आई, नाकाला रुमाल देऊ का? तिला काय सांगणार.

मग लाक्सा खाल्ला. आंबट-तिखट माशाची आमटी आणि तिच्यात तांदळाच्या जाड शेवया. पहिल्या घासाला कळलं की मासा बांगडा आहे. आमटीत कुस्करलेला होता, तरी कळलं. आंबटपणा मात्र नुसत्या चिंचेचा वाटत नव्हता. वर काळं गोड कोळंबीचं काहीतरी घातलं होतं, ते मला फारसं आवडलं नाही.

आता मूळ गोष्ट. बोट सातला सुटायची होती. सगळी मंडळी वर गेली होती, जिथं गाणी लावलेली असतात तिथं. मी सातव्या मजल्यावरच्या उघड्या गॅलरीत कठड्याला टेकून राहिले, कारण मला दोर सोडताना बघायचे होते. धक्क्यावरच्या माणसांनी खुंटांवरून जाड दोरांचे फासे काढले, ते पाण्यात पडले, आणि बोटीनं ते ओलेचिंब दोर आत ओढून घेतले. एक लांब भोंगा झाला. बोट आणि धक्का यांच्यामध्ये आधी हातभर पाणी दिसलं, मग एक होडी मावेल एवढं, आणि बघता बघता धक्क्यावरचा माणूस ओळखता येईना.

घड्याळात सव्वासात झाले होते तरी उजेड होता. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे वेंगुर्ल्यात तेव्हा पावणेपाच, चहाची वेळ. डाव्या हाताला किल्ला गेला, मनोरा गेला, मग किनाऱ्याला लागून उंचच उंच इमारती, आणि त्यांच्या मागच्या डोंगरामागे सूर्य उतरत होता. मागे बघितलं तर बेट आणि समोरचं बटरवर्थ यांच्यामधली फेरी पाणी कापत चालली होती. जावयांनी आधी सांगितलं होतं की इथं १९८५ मध्ये साडेतेरा किलोमीटरचा पूल झाला, २०१४ मध्ये चोवीस किलोमीटरचा दुसरा झाला, तरी फेरी चालू आहे. आमच्याकडे रस्ते झाले आणि बोट गेली. हे मी त्यांना बोलले नाही, पण मनात आलं.

किनारा बराच मागे पडला आणि अंधारायला लागलं, तेव्हा एक लहान बोट कुठूनशी आली आणि आमच्या बोटीच्या अगदी अंगाला लागून धावू लागली. तिच्या डोलकाठीवर दोन दिवे, वरचा पांढरा आणि खालचा लाल. मी वाकून बघितलं. आमच्या बोटीच्या पोटातलं, पाण्यापासून थोडंसंच वर असलेलं एक दार उघडलं होतं, आणि त्यातून लाकडी पायऱ्यांची दोरांची शिडी खाली सोडली होती. एक माणूस पाठमोरा त्या शिडीवरून उतरला. अंगात फुगीर जाकीट, खांद्याला लहानशी पिशवी. खालची बोट लाटेवर वर-खाली होत होती, आमची बोट चालतच होती. तो शेवटच्या पायरीवर थांबला. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. तिसऱ्या लाटेला लहान बोट वर आली आणि त्यानं तिच्यावर पाय ठेवला, जसा आपण ओटीवरून अंगणात ठेवतो. दाराकडे बघून हात केला. ती बोट वळली आणि पेनांगच्या दिव्यांकडे निघून गेली. वरच्या मजल्यावरच्या तीन हजार माणसांतल्या कोणी त्याला बघितलं असेल असं मला वाटत नाही.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. का ते सांगते.

माझे बाबा वेंगुर्ल्याच्या बंदरात पडावावर, म्हणजे माणसं-सामान नेणाऱ्या मोठ्या होडीवर, तांडेल होते, म्हणजे होडीचे म्होरके. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या आगबोटी धक्क्याला लागत नसत, बाहेर खोल पाण्यात उभ्या राहत. माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं पडावातून न्यायचं आणि आणायचं. वर कोकण सेवक किंवा कोकण शक्ती उभी, खाली आमच्या बाबांचा पडाव नाचतोय, आणि बाबा एक पाय पडावावर, एक पाय बोटीच्या शिडीवर ठेवून माणसं उतरवून घेताहेत, हे मी सातवीत असेपर्यंत कितीदा तरी बघितलं. बायका घाबरायच्या. बाबा ओरडायचे, "लाट वर इली की पाय टाकूचो, खाली गेली की नाय!" लहान मुलांना ते असंच उचलून घ्यायचे.

तर प्रश्न हा की पेनांगचा तो माणूस कोण होता? त्याला उतरायला बोट का थांबवली नाही? आणि आपल्या बंदरांतल्या पडाववाल्यांची आठवण इथं कुणाला आहे का?

सुकाणू

ताई, तो बंदराचा पायलट. विमानाचा नाही, जहाजाचा. मी चोवीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आणि आता पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात हेच काम करतो, त्यामुळे नीट सांगू शकेन.

मोठं जहाज बंदरात येताना किंवा बाहेर पडताना स्थानिक पायलट त्यावर चढतो. जहाजाचा कप्तान जगभर फिरतो, पण त्या एका बंदरातला तळ कुठं उथळ आहे, भरती-ओहोटीचा ओढ कोणत्या वेळी कुठं नेतो, कोणत्या खुणा एका रेषेत आल्या की वळायचं, हे तिथं राहणाऱ्यालाच ठाऊक. पेनांगला तर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून जावं लागतं, ओढ असतो, आणि तुम्ही बघितलेली फेरी आडवी जात असते. पायलट कप्तानाशेजारी उभा राहून मार्ग सांगतो. जहाजाची जबाबदारी मात्र कप्तानाचीच राहते. पायलट जहाजावर असला की दिवसा पांढरा-लाल उभा दुभागलेला झेंडा लावतात. त्याला नेणाऱ्या बोटीवर रात्री वर पांढरा, खाली लाल दिवा असतो. तुम्ही अंधारात तो क्रम बरोबर टिपलात, आमच्या परीक्षेला हेच विचारतात.

आता जहाज थांबवत का नाहीत? कारण थांबलेलं जहाज सुकाणूला जुमानत नाही. ते लाटांना आडवं पडतं आणि डोलायला लागतं. डोललं की शिडी जहाजाच्या अंगापासून सुटते, झोका घेते आणि परत आपटते, आणि त्या शिडीवर माणूस असतो. म्हणून वेग कमी करून सहा-आठ नॉटवर (नॉट हे जहाजाच्या वेगाचं माप) ठेवतात आणि जहाज थोडं वळवून वारा नि लाट दुसऱ्या कुशीला घेतात. पायलटच्या बाजूला जहाजाचाच आडोसा होतो. तुम्हाला वरून पाणी वर-खाली होताना दिसलं ना, पलीकडच्या बाजूला ते दुप्पट असणार.

शिडीचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. चढाई दीड मीटरपेक्षा कमी नको आणि नऊ मीटरपेक्षा जास्त नको. जहाज त्याहून उंच असेल तर वरून तिरका जिना सोडून दोन्ही जोडतात. क्रूझ बोटींना पोटात दार असतं म्हणून त्यांची शिडी लहान. मालवाहू जहाजावर रात्री, पावसात, नऊ मीटर दोरावर चढणं वेगळंच. शिडी पिळू नये म्हणून मधेमधे एक लांब फळी असते. दोर कुजलेला नाही ना, पायऱ्या सरळ आहेत ना, हे आधी बघायचं. मी एकदा एका जहाजाच्या शिडीचा दोर बघून चढायला नकार दिला होता. कप्तान चिडला, दीड तास गेला, दुसरी शिडी लावली तेव्हाच गेलो. मला त्याचं अजूनही काही वाटत नाही. या शिड्यांवरून पडून पायलट गेलेले आहेत.

आणि तुमच्या बाबांचं वाक्य. ताई, ते वाचून मी खुर्चीतून उठलो. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, इंग्रजीतून, चित्रं काढून. खालची बोट लाटेच्या माथ्यावर आली की पाय ठेवायचा. ती खाली जात असताना ठेवला तर ती पायाखालून निघून जाते, तुम्ही तिच्या मागून पडता, आणि पुढच्या लाटेला ती खालून वर येऊन पाय चेचते. चढतानाही तेच, माथ्यावर शिडी धरायची आणि लगेच दोन पायऱ्या वर जायचं. पेनांगच्या पायलटनं दोन लाटा सोडल्या म्हणजे तो घाई न करणारा, जुना माणूस असणार. तुमचे बाबा हे कोणत्याही पुस्तकाशिवाय, अंगावर पोरं घेऊन करत होते.

माडाखालचा म्हातारा

बाय गो, मी मालवणचो. वय अठ्ठ्याहत्तर. तुझा वाचून रात्री झोप नाय इली.

मी तेरा वर्षांचा असताना मुंबईला शिकायला निघालो. मालवणच्या बंदरातून पडावात बसलो. आईनं ट्रंकेला बाहेरून दोरी बांधली होती, कारण कडी धड नव्हती. माझ्या मांडीवर खोबरेल तेलाची बाटली, फडक्यात गुंडाळलेली, मामीसाठी. मालवणचं बंदर बाहेरून जेवढं सुंदर दिसतं तेवढंच आतून वाईट. सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक पसरलेले आहेत, भरतीला दिसत नाहीत. तांडेल किल्ल्याचा एक बुरूज आणि किनाऱ्यावरचा एक माड बघून पडाव फिरवायचा. माड पडला की दुसरा धरायचा. आमच्या आजोबांच्या तोंडी अशा वाटाड्याला एक शब्द होता, आरकाटी. जहाजाला बंदरात आणणारा तो आरकाटी. सुकाणूभाऊ ज्याला पायलट म्हणतात, तोच. हा शब्द आता बोलण्यातून गेलाच.

आगबोटीपाशी पोचलो तेव्हा लाटा होत्या. मी शिडी धरायला घाबरलो. तांडेलानं मला काखेत घेतलं, विचारलं नाही की काही नाही, आणि लाटेबरोबर वर दिलं. वरून एका खलाशानं ओढलं. मग मी कठड्यावरून खाली बघतो तर पडाव निघाला होता. आई धक्क्यावरच राहिली होती, ती एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं. त्या तांडेलाची लाल टोपी मात्र दिसत होती. तीच बघत राहिलो, दिसेनाशी होईपर्यंत. गाव सोडताना मी शेवटचा पाहिला तो माणूस तोच, आणि मला त्याचं नाव ठाऊक नाही.

पावसाळ्यात बोटी बंद असत. नारळी पौर्णिमा झाली की वाट बघणं सुरू. पहिली बोट दिसली की पोरं बंदरावर धावत. आता १९९८ पासून रेल्वे आहे, रात्री कुडाळला बसलं की सकाळी मुंबई. सोय मोठी झाली, ती नाकारत नाही. पण स्टेशनावर माका कोणी काखेत नाय घेणा.

श्रीवर्धनची रोठा

बाकी सगळं वाचून गळा दाटला, त्यावर मी काय लिहिणार. खाण्याचं आणि बागेचं तेवढं सांगते, कारण आमचा धंदाच सुपारीचा.

मलय भाषेत पिनांग म्हणजे सुपारी. पुलाउ म्हणजे बेट. पुलाउ पिनांग म्हणजे सुपारीचं बेट! त्यांच्या राज्याच्या झेंड्यावरसुद्धा पोफळीचं झाड आहे. ताई, तुम्ही पोफळीच्या गावाहून पोफळीच्या बेटावर गेला होता.

लाक्साचा आंबटपणाही तुम्ही बरोबर ओळखलात. चिंचेबरोबर ते लोक एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात, आसाम केपिंग म्हणतात त्यांना. ते झाड आपल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, कुळातलं, रातांब्याचं भावंडच म्हणा. बांगडा आणि आमसूल हे तर आपलं रोजचंच. त्यात त्यांनी तिरफळाऐवजी आल्याच्या जातीच्या एका झाडाची गुलाबी फुलं चिरून घातली, एवढाच फरक. काळं गोड जे तुम्हाला आवडलं नाही, ती कोळंबीची आटवलेली चटणी. आमच्याकडे जवळ्याची चटणी कोरडी, त्यांची पातळ.

जायफळाचं सरबत प्यायलात का? तिथं जायफळाच्या टरफलावरचा गर वापरतात. आम्ही तो गर बागेत टाकून देत होतो. दोन वर्षांपासून लोणचं घालायला लागले आहे, चांगलं टिकतं.

वेंगुर्लेकरीण

सगळ्यांचे आभार कसे मानू. सुकाणूभाऊ, तुमचं उत्तर मी मोठ्यानं वाचून आमच्या काकांना ऐकवलं. ते चौऱ्याऐंशीचे आहेत, बाबांबरोबर वल्ह्यावर असायचे. ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा वाचावं लागलं. "माथ्यावर पाय ठेवायचा" इथं आल्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "तां पुस्तकात आसा?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ बोलले नाहीत. नंतर मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. बाबांनी हजारो माणसं त्या आगबोटींवर चढवली, पण स्वतः त्या बोटीनं कधी मुंबईला गेले नाहीत. एकदा तिकीट काढलं होतं. त्या दिवशी वारा वाढला, पडावावर दुसरा तांडेल नव्हता, म्हणून माणसं सोडून परत आले. तिकीट फुकट गेलं.

म्हाताऱ्यानु, तुमच्या त्या लाल टोपीवाल्याचं नाव मालवणात कुणाला तरी ठाऊक असेल. दांडीवर किंवा धुरीवाड्यात विचारून बघा, साल सांगा. जुनी माणसं अजून आहेत, आता नाही विचारलं तर राहून जाईल. आरकाटी हा शब्द मी वहीत लिहून ठेवला.

रोठाताई, जायफळाचं सरबत राहिलं. लोणच्याची कृती मात्र टाका, आमच्या परड्यात दोन झाडं आहेत.

फुकेतचं मुद्दाम लिहिलं नव्हतं, पण आता लिहिते. तिथं आमची बोट धक्क्याला लागली नाही. पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभी राहिली, आणि लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेत होते. मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. खाली उतरून दारापाशी आले तर समोर लहान बोट वर-खाली होतेय आणि एक पोरगा, विशी-बाविशीचा असेल, हात पुढे करून उभा. माझ्या पुढच्या बाई दोनदा मागे सरल्या. मागून लेक सांगत होती, आई, सावकाश, घाबरू नकोस, मी धरते. त्या पोरानं माझं मनगट धरलं. त्याला मराठी येत नव्हती, मला त्याची भाषा येत नव्हती. बोट खाली गेली, मी थांबले. वर आली, परत खाली गेली, मी थांबले. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा मी पाय टाकला. तो काहीतरी बोलला आणि हसला, आणि मनगट लगेच सोडलं नाही, मी बाकावर बसेपर्यंत धरून ठेवलं.